दीड गुंठ्याचा बांध

माझ्या मेहुण्याचं लग्न जमत नव्हतं आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं: मुलगा शेती करतो. लोणी काळभोरच्या पुढे साडेतीन एकर बागायत, स्वतःची विहीर, शेवंती आणि ऊस, सुपारीचंही व्यसन नाही, दिसायला माझ्यापेक्षा बरा. पण शेती. हल्ली मुलींच्या आया पहिला प्रश्न 'कुठल्या कंपनीत' असा विचारतात आणि शेवंती ही कंपनी नाही.

मी एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. एखादी वस्तू नेमकी कुठे महाग पडते हे शोधून काढणं हा माझा व्यवसाय आहे आणि बायकोच्या मते माझा आजार. त्यामुळे मेहुण्याच्या नकारांचं वर्गीकरण आपोआप माझ्याकडे आलं. अकरा मुली झाल्या होत्या. नऊ नकार शेतीमुळे, एक पत्रिकेमुळे आणि एक सासूबाईंच्या स्वभावामुळे. हा शेवटचा मी सासूबाईंसमोर शेतीत धरत असे.

त्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या आणि बऱ्या होताहोता त्यांनी मुलाकडून शब्द घेतला की आता जी मुलगी हो म्हणेल तिला त्याने हो म्हणायचं, मागे फिरायचं नाही. त्याने शब्द दिला. दिलेला शब्द तो पाळतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आता प्रश्न फक्त समोरून होकार मिळवण्याचा होता आणि तो मिळाला की काम झालं, असा माझा हिशेब होता.

इथे त्याच्या शेजाऱ्याबद्दल सांगायला हवं. शेजारी म्हणजे शेताचा शेजारी. दोघं एका वर्गात होते, एकाच वयाचे, आणि हाही बिनलग्नाचा. दोघांच्या शेतांमध्ये पूर्वी बांध होता. बारा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून तो नांगरून टाकला. दोन टोकांना हद्दीचे दगड तेवढे ठेवले. आपल्याकडे बांध म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. वीतभर बांध सरकला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात आणि मग डोक्याला टाके असतानाच तारखेला हजर राहतात. या दोघांनी आपणहून तो काढला. मला त्या गोष्टीचं फार कौतुक होतं. मी स्वतः मोजमाप केलं होतं. बांध तीनशे तीस फूट लांब आणि दोन्हीकडची पडीक कड धरून पाच फूट रुंद, म्हणजे दीड गुंठा जमीन लागवडीखाली आली. कारखान्यात जागेच्या वापराबद्दल बोलताना मी हे उदाहरण देत असे. एकदा उत्साहाच्या भरात दोघांना म्हणालोही होतो की तुम्हा दोघांची लग्नं एकाच मांडवात उरकू, खर्च निम्म्यावर येईल. त्यावर शेजारी म्हणाला होता, "दाजी, मांडव एकच लागंल, ह्यात वाद न्हाई." मला तो माणूस व्यवहारी वाटला.

बारावी मुलगी कसबा पेठेतली. चौतीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी. तिचे वडील निवृत्त शिक्षक, भूगोलाचे. पहिल्याच फोनवर त्यांनी मला शेताला पाणी कुठलं विचारलं. मी म्हटलं, विहीर आहे आणि खडकवासल्याचा कालवा जवळ आहे. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही नळाला वाट बघायची ते पाणी तुमच्याकडे उसाला जातं. नातं आधीपासूनच आहे म्हणायचं." माणूस बरा वाटला.

मुलीची अट अशी की पोह्यांचा कार्यक्रम करायचा नाही, घरी यायचं नाही, कुठेतरी बाहेर भेटायचं. तिची खरी अडचण शेती असणार, हे नऊ नकारांच्या अनुभवावरून मला स्पष्ट होतं. आणि एप्रिलच्या उन्हात मुलीला शेत दाखवायला नेणं म्हणजे शेतीचा दहावा नकार घरपोच मागवणं. त्याच आठवड्यात एका शेतीविषयक साप्ताहिकात मी एका नव्या मराठी सिनेमाबद्दलची चौकट वाचली. तिच्यात म्हटलं होतं की पिकांचं आणि कामांचं इतकं अचूक चित्रण पडद्यावर क्वचितच दिसतं. पुढे 'दोन जिवांची हळवी गोष्ट' असंही होतं. मला वाटलं, बैलजोडी असेल.

शेत वातानुकूलित असेल तर बघायला कुणाची ना नसते. शिवाय सिनेमात दोन तास बोलावं लागत नाही आणि आमच्याकडच्या बऱ्याच स्थळांचं नुकसान बोलण्यानेच झालं होतं. मी हडपसरचं मल्टिप्लेक्स ठरवलं, कारण ते लोणी आणि कसबा यांच्या साधारण मध्ये पडतं. गाडी कुठे लावायची ते बघून आलो. सिनेमा किती लांबीचा आहे ते पाहिलं. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र होतं, पण हल्ली शिवी असली तरी ते देतात, म्हणून त्याचा विचार केला नाही. फक्त गोष्ट काय आहे ते पाहिलं नाही. मुलीच्या वडिलांना शेतीचं चित्रण अचूक आहे असं सांगितलं. तिला सिनेमाचं नाव कळवल्यावर तिचा होकार एका मिनिटात आला. मी फोन बायकोला दाखवला आणि म्हटलं, शेती हा अडसर आपण काढला.

मेहुण्याला नाव कळवलं तेव्हा त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही निवडला?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "बरं," आणि त्याचा आवाज जरा दाटल्यासारखा झाला. कालव्याकडे नेटवर्क खराब असतं, म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी सकाळचा खेळ होता. मी सहा तिकिटं काढली होती आणि कुणी कुठे बसायचं तेही ठरवलं होतं: मुलीचे वडील, आई, मुलगी, मेहुणा, माझी बायको, मी. प्रत्यक्षात मेहुणा शेजाऱ्याला घेऊन आला. पिकअप तो चालवतो, हे कारण होतं. त्याच्यासाठी आयत्या वेळी तिकीट काढलं, ते खालच्या रांगेत मिळालं. थिएटर तीन चतुर्थांश रिकामं होतं, पण ज्याचं तिकीट जिथलं त्याने तिथे बसावं या मताचा मी आहे.

सिनेमा सुरू झाला. एक गहू पिकवणारा शेतकरी आणि हंगामात गावोगाव मळणी यंत्र घेऊन फिरणारा एक माणूस. गहू खरंच उत्तम होता. ओळी सरळ, ओंब्या भरलेल्या, कापणीच्या वेळेचा रंग बरोबर. मी बायकोपलीकडे वाकून मेहुण्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली. यंत्र बंद पडलं आणि तो माणूस शेतकऱ्याच्या घरी राहिला. मग दोघं मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करत होते आणि एकाने दुसऱ्याच्या केसांतला भुसा काढला. तो बराच वेळ काढला. मला वाटलं, भुसा डोळ्यात गेला असणार, तो फार टोचतो.

मुलीचे वडील रांगेच्या पलीकडच्या टोकाहून पुढे वाकून मला म्हणाले, "अहो, यातली नायिका कधी येते?"

मी म्हटलं, "मध्यंतरानंतर येत असावी."

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "मग तिने घाई करायला हवी. हे दोघं थांबतील असं दिसत नाही."

ते थांबले नाहीत. गव्हाच्या गंजीला टेकून दोघं बसले होते, भाकरी सोडलेली होती, आणि त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. थिएटरात मक्याच्या लाह्या खाण्याचा आवाज बंद झाला. माझ्या बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो पुढचे चार दिवस निळा होता. मुलीच्या आईने, त्या स्वभावाने सरळ असाव्यात, एवढंच म्हटलं की भाकरी गार होतेय त्यांची. मुलगी शांतपणे बघत होती. मेहुण्याकडे बघायचं मी टाळलं. बारावं स्थळ मी स्वतःच्या हाताने घालवलं होतं आणि तेही पैसे भरून.

मध्यंतरात मला वाटलं होतं, आता ते उठून जातील. मुलीच्या वडिलांना मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, अर्धी उत्तरपत्रिका तपासून गुण देण्याची त्यांना सवय नाही. मग ते बायकोला घेऊन कॉफी आणायला गेले. मुलगी आणि मेहुणा एका कोपऱ्यात बोलत उभे होते, आणि आश्चर्य म्हणजे मोकळेपणाने बोलत होते. अकरा कार्यक्रमांत तो मुलीशी इतकं बोललेला मी पाहिला नव्हता. माझी आशा पुन्हा थोडी वर आली. शेजारी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, शेती कशी वाटली. तो म्हणाला, "शेती झ्याक हाय दाजी. पण पिच्चरमधल्या त्या शेतकरी पोराच्या न् त्याच्या चुलत्याच्या शेतामधी बांध हाय अजून. बांध हाय तवर माणूस मोकळा होत न्हाई." मी म्हटलं, अगदी बरोबर, कितीतरी जागा फुकट जाते. तो माझ्याकडे बघून हसला, जसा माणूस आपल्या माणसाकडे बघून हसतो.

मध्यंतरानंतर दिवे गेले तेव्हा मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मेहुणा खालच्या रांगेत शेजाऱ्याच्या बाजूला जाऊन बसला होता. मी बायकोला म्हटलं, लाजला असेल. ती त्या दोन डोक्यांकडे बघत होती. पडद्यावर मळणीवाला पुढच्या गावाला निघाला होता आणि शेतकरी त्याला थांब म्हणू शकत नव्हता, कारण थांब म्हणायला काही कारण सांगावं लागतं. खालच्या रांगेत शेजाऱ्याने रुमाल काढला, डोळे पुसले आणि तो रुमाल मेहुण्याकडे दिला. मेहुण्याने तो न बघता घेतला. एकच रुमाल दोघांनी वापरणं मला आरोग्याच्या दृष्टीने पटत नाही, हे माझ्या मनात आलं. आणि मग पहिल्यांदाच त्याच्यामागोमाग दुसरंही काही मनात आलं.

नंतर आम्ही सातजण समोरच्या उडपी हॉटेलात दोन टेबलं जोडून बसलो. चहा आला. आपल्याकडे अशा वेळी समोरासमोर नाही म्हणण्याची पद्धत नाही. 'कळवतो' म्हणायचं आणि दोन दिवसांनी फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणायचं. मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, तर मग कळवतो आम्ही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, आबा, एक मिनिट, आधी त्यांना बोलायचंय.

मेहुणा माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजींनी एवढं केलंय माझ्यासाठी. तर आता मी बी बोलतो." मी काय केलंय हे मला समजेना.

तो म्हणाला, "काका, तुम्ही कळवायचं ऱ्हाऊ द्या. आईला शब्द दिला म्हणून मी हितवर आलो. पण तुमच्या मुलीला फसवायचा शब्द काय मी दिलेला न्हाई. बारा वर्षांमागं आम्ही दोघांनी बांध काढला. माझं लग्न तवाच झालं, असं धरा."

माझी बायको म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे सिनेमात होतं तसं, ताई."

शेजाऱ्याने चहा बशीत ओतला होता, तो बशीतच बघत होता. मग त्याला वाटलं असावं की आपणही काही बोलायला हवं. तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं मळणी यंत्र न्हाई फक्त. आमचं फुलाचं पीक."

मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला. "शेतीचं चित्रण अचूक होतं," ते मला म्हणाले. "आपण सांगितलं होतं तसंच."

मुलगी हसली. तिने सांगितलं की सिनेमा कशावर आहे हे तिला आधीपासून माहीत होतं, आणि आम्ही तोच निवडला म्हणजे मुलाबद्दल तिला आडून का होईना पण खरं सांगतोय, असं तिने धरलं होतं. अशी सभ्य माणसं बघायला म्हणून ती आली. लग्न तिलाही करायचं नव्हतंच. मग मेहुणा म्हणाला की सिनेमाबद्दल त्यानेही तसंच धरलं होतं. सिनेमाचं नाव ऐकलं तेव्हाच त्याला वाटलं, दाजींना सगळं ठाऊक आहे आणि दाजी बोलून दाखवणारा माणूस नाही, म्हणून त्यांनी असं सांगितलं. त्या बळावरच आज तोंड उघडलं.

टेबलावरची सगळी माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. शेजाऱ्याचे तर डोळे पुन्हा भरले होते. न केलेल्या कामाचं श्रेय घेणं मला जमत नाही. कारखान्यात मी यावरून भांडलेलो आहे. मी म्हणालो, "मला वाटलं होतं, बैलजोडीवर असेल."

मुलीचे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवायला शेजाऱ्यालाच उठावं लागलं.

घरी येताना स्वारगेटपर्यंत बायको बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "अकरा घरचे पोहे खाल्ले आपण. आणि हा प्रत्येक ठिकाणी दुसरी प्लेट मागायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याला काळजी असते तो दुसरी प्लेट मागत नाही." थोड्या वेळाने ती रडली. रडण्याचं कारण विचारलं तर म्हणाली, लहानपणापासून तो मला ताई म्हणून हाक मारतोय आणि बारा वर्षं एवढं सांगता आलं नाही त्याला. मी मनातल्या मनात नकारांचं वर्गीकरण पुन्हा केलं. त्या नऊजणी नाही म्हणाल्या म्हणून लग्न अडलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. एखादी हो म्हणाली असती तर काय झालं असतं, हा रकाना मी कधी केलाच नव्हता.

दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "पत्रिका जुळत नाही." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "पद्धत आहे म्हणून कळवलं. पुढच्या वेळी सिनेमा मी निवडीन."

मेहुण्याने रविवारीच संध्याकाळी आईला सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. शेजाऱ्याच्या हातचं मात्र घेत होत्या. असं का, हे मेहुण्याने त्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी बी हेच इचारलं त्यास्नी. त्या म्हणाल्या, तू परका हायस, तुझ्यावर कसा रागावू. औषधाच्या गोळ्या तोच द्यायचा, भाकरी तोच वाढायचा, आणि मुलाला काही सांगायचं झालं की त्याच्यामार्फत सांगायच्या. मुलगा समोर बसलेला असला तरी. तीन आठवडे हे असं चाललं. मेहुणा फोनवर म्हणाला की आई अशीच राहिली तर तो घर सोडून विहिरीवरच्या खोलीत राहायला जाईल. हे ऐकून बायकोने मला लोणीला धाडलं. ती स्वतः आली नाही. म्हणाली, मी गेले तर आम्ही दोघी रडू आणि काम तसंच राहील. तुम्ही आकड्यांत बोलता, आईला आकडे कळतात.

मी रस्ताभर मुद्दे जुळवत गेलो. सासूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. शेजारी पुढ्यात शेवंतीचे गठ्ठे बांधत होता, मेहुणा आत होता. मी पहिला मुद्दा सुरू केला तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या शेताकडे बघत होत्या. जिथे बांध होता तिथून शेवंतीच्या ओळी सरळ इकडून तिकडे गेल्या होत्या. कुठून कुणाचं सुरू होतं ते दगड बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

"तुम्ही मोजलं हुतं ना," त्या म्हणाल्या. "बांध परत घालायचा म्हणलं तर किती जागा जाईल?"

"दीड गुंठा."

"त्यात आपली किती?"

"निम्मी. पाऊण गुंठा."

शेजाऱ्याचे हात थांबले होते. त्याने मान वर केली नाही. सासूबाईंनी बराच विचार केला. बाजेच्या सुताला बोटाने दोनदा चाचपलं.

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "इतकी फुलं कोण घालवतंय."

मग घराकडे तोंड करून, तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच थेट मुलाला, त्यांनी हाक मारली. "आरं, पावणं आल्यात. च्या टाक. चार कप टाक."

मी सवयीने मोजलं. आम्ही चौघेच होतो.